हाताची गोळी

सासूबाईंचं तोंड आलं तेव्हा आमच्या घरात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. एप्रिलचं ऊन, त्यात बुऱ्हाणपूरचं. या दिवसांत कोणाचं तोंड येतं, कोणाचे डोळे येतात, आणि माझं तर रोजच डोकं फिरतं. मी त्यांना तोंडात धरायला थंड दूध दिलं, फोडांना साजूक तुपाचं बोट लावलं आणि शाळेत निघून गेले. मी इथल्या मराठी शाळेत चौथीला शिकवते. वर्गात पोरांचा बाजार भरलेला असला की घरी कोणाचं काय दुखतं ते लक्षात राहत नाही. मग कोणी काही म्हणो.

चार दिवसांनी त्यांच्या दंडावर निळे डाग दिसले.

"हे काय लागलं, आई?"

"कुठं काय? बसमधी दांडा लागला आसीन."

बसचा दांडा एका जागी लागतो. हे डाग दोन्ही दंडांवर होते, पोटरीवर होते, मानेखालीसुद्धा होते. मी तसं म्हटलं तर त्या चिडल्या. "तुले तं सगळ्याचा हिशोब पायजे. मास्तरीण कुठली!" मालूबाई हे त्यांचं नाव, पण गावात त्यांना सगळे मालूमाय म्हणतात. चिडल्या की त्या मला मास्तरीण म्हणतात, खूश असल्या की प्रतिभा.

मग ताप चढला. खाली उतरेना. भूपेंद्र, माझा नवरा, पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवतो. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध असतं, ते म्हणजे "टेन्शन मत ले." या वेळी त्यानेही ते औषध दिलं नाही. आईला गाडीत घातलं आणि खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथं रक्त तपासलं. लाल पेशी कमी, पांढऱ्या कमी, आणि प्लेटलेट दीड लाखाच्या जागी अठरा हजार. रिपोर्ट हातात घेऊन भूपेंद्र नुसता उभा राहिला. मोटार जळाली तर तो वासावरून सांगतो काय जळलं ते. इथं त्याला काही सांगता येईना.

प्लेटलेट म्हटलं की आमच्याकडे एकच शब्द तोंडात येतो, डेंग्यू. शेजारीण म्हणाली डेंग्यू, दुकानातला माणूस म्हणाला डेंग्यू, फोनवर नणंद म्हणाली डेंग्यूच. एप्रिलात डेंग्यू कुठून येणार? या उन्हात मच्छरसुद्धा सावली शोधतो. पण सगळं जग एका बाजूला झालं की आपलीच अक्कल आपल्याला खोटी वाटायला लागते. माझे सासरे गिरधर, शाहपूरजवळच्या आमच्या गावाहून पहिल्या बसने आले ते पपईच्या पानांची थैली घेऊनच. त्यांनी ती पानं माझ्या मिक्सरमधून काढली, हिरवागार रस गाळला आणि फोड आलेल्या तोंडात चमच्याने घातला. सासूबाई कळवळल्या. पण सासऱ्यांच्या हातचं त्या विष असतं तरी प्यायल्या असत्या. पुढचे तीन-चार दिवस सासरे आमच्याच घरी राहिले आणि रस काढत राहिले.

डेंग्यूची तपासणी आली. डेंग्यू नव्हता.

मग आम्ही सगळेच चक्रावलो. किडनीचं काही असेल म्हणावं, तर किडनीचे आकडे दिवाळीत निघाले होते तितकेच खराब होते. कोणी म्हणालं, उसाचा रस प्यायल्या असतील बाहेर. कोणी म्हणालं, नजर. भूपेंद्र म्हणाला, "इंदौर ले चलते हैं." घाबरला की तो हिंदीत बोलतो. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला बाजूला बसवून विचारलं, "अम्मा की कौन-कौन सी दवाइयाँ चल रही हैं?"

मला तर ते पाठ होतं. ब्लडप्रेशरची सकाळी, किडनीची सकाळ-संध्याकाळ, रक्तवाढीची दुपारी, पाय सुजले तर लघवीची. घडाघडा सांगितलं. वर्गात एखादा पोरगा पाढे म्हणतो ना, तसं.

"और कुछ? जोड़ों के दर्द की गोली?"

"नहीं मैडम. दर्द की गोली तो किडनीवाले डॉक्टर ने दिवाली में ही बंद करवा दी. एक भी नहीं लेतीं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी देवाच्या पायावर हात ठेवून पुन्हा तेच सांगितलं असतं.

आता हातांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या सासूबाई मांडे करायच्या. साधी पोळी कोणीही करतं. मांडा म्हणजे पुरण भरलेला मऊ उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा, मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत खेळवत परातीएवढा, मग परातीहून मोठा करायचा, आणि फाटू न देता उलट्या खापरावर टाकायचा. आमच्या पट्ट्यात लग्नघरी आधी आचाऱ्याला विचारतात, पण आचाऱ्याच्याही आधी मालूमायला. त्या पैसे घेत नसत. लुगडं घेत, आणि पंगतीत पहिलं बोलावणं. माझ्या लग्नात त्यांनीच मांडे केले होते, स्वतःच्या मुलाच्या लग्नात, आणि विहिणीला सांगितलं होतं, "तुमच्या पोरीले हे येत नसीन तं मी शिकवीन." मला ते आजही येत नाही.

पाच वर्षांपूर्वी त्यांची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ उघडायची नाही. मग बोटं वाकडी व्हायला लागली. गावातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून त्या मूठमूठ खायच्या, आणि किडन्या बिघडल्या त्या बहुधा त्यानेच. पण तेव्हा हे कोणाला कळणार? एका सकाळी ब्लाउजचा हूक लागत नाही म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि त्यांना उचलून शहरात हाडांच्या डॉक्टरकडे आणलं. त्याने सांगितलं, हा संधिवात आहे, आणि एक बारीक पिवळी गोळी दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, हे त्याने तीनदा बजावलं.

आठवड्यातून एकदा म्हणजे कधी? आमच्या गावाला वार कळतो तो बाजारावरून. मंगळवारी आमच्याकडे बाजार. उधारी फेडायची ती बाजारी, दाढी करायची ती बाजारी, पाव्हणा जाणार तो बाजार झाल्यावर. सासरे म्हणाले, "बाजाराच्या दिवशी देत जाईन, मंग चुकाचं नही." आणि ते कधी चुकले नाहीत. बाजारातून आले की पिशवीतून भाजी काढायच्या आधी खिशातून गोळी काढायचे. दोन-तीन महिन्यांत मुठी उघडल्या. बोटं पूर्ण सरळ झाली नाहीत, पण हूक लागला, वेणी घालता आली. घरात त्या गोळीचं नावच पडलं, हाताची गोळी.

दिवाळीत पाय सुजले, आणि किडन्या अर्ध्याहून जास्त गेल्याचं निघालं. किडनीचे डॉक्टर शनिवारी शहरात बसतात. त्यांनी दुखण्याच्या गोळ्या बंद म्हणून सांगितलं, मीठ कमी सांगितलं, आणि केळी बंद सांगितली. हे शेवटचं ऐकून सासरे त्या डॉक्टरवर जे उखडले! आमची सगळी जमीन केळीखाली आहे. "आमच्या केळीनं कोनाचं वाईट झालं व्हय आजलोक?" पण सासूबाईंनी केळी सोडली. हाताची गोळी कोणी सोडायला सांगितली नाही, कारण कोणी विचारलीच नाही. "चालू औषधं कोणती?" म्हटलं की आम्ही रोजची सांगायचो. आठवड्याची गोळी ही कोणाच्या मनात चालू औषधात येतच नव्हती. आणि दुखण्याची तर ती नव्हतीच. ती हाताची होती.

होळीपासून सासूबाई शुक्रवार ते सोमवार आमच्याकडे राहायला लागल्या आणि मधले दिवस गावी. आणि होळीनंतर त्यांचे हात असे काही चालायला लागले की आम्ही बघतच राहिलो. चैत्रात गावातल्या एका लग्नात त्यांनी पुन्हा मांडे केले. सासऱ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून आम्हाला पाठवला. त्यात सासूबाईंचं तोंड अर्धं कापलं गेलंय, पण हात पूर्ण आलेत.

तर त्या रविवारी दुपारी मी हॉस्पिटलात त्यांच्याजवळ बसले होते. ताप होताच. ओठ फुटले होते, पाणी गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. प्लेटलेट अठराच्या बारा हजार झाल्या होत्या. पपईची पानं बहुतेक बुऱ्हाणपुरातल्या सगळ्या झाडांची संपली असावीत. सासूबाईंनी माझा हात धरला आणि स्वतःची मूठ दोनदा उघडमीट करून दाखवली.

"आज बाजार हाये ना?" त्या कशाबशा बोलल्या. "माझी गोळी."

शहरात आमचा भाजीबाजार रविवारी. होळीपासून दर रविवारी त्या मला आठवण करायच्या आणि मी द्यायचे. त्या इकडे राहायला लागल्या तसा गोळीचा वारही इकडचाच झाला, असं मी धरून चालले होते. सासऱ्यांनी गावाहून गोळ्या पाठवायच्या आणि त्या पिशवीत हरवायच्या, त्यापेक्षा मीच इतवारा बाजारातल्या मेडिकलमधून वेगळी पट्टी आणली होती. ती माझ्या पर्समध्ये होती. एवढ्या आजारात हात तरी आखडायला नकोत, असं म्हणत मी एक गोळी काढली. अख्खी त्यांना गिळवणार नव्हती. दोन चमच्यांत धरून चुरली, वर पाणी टाकलं. चमच्यातलं पाणी पिवळं झालं.

तेवढ्यात सासरे आत आले. आदल्या दिवशी ते केळीला पाणी द्यायला गावी गेले होते. टोपी काढली, घाम पुसला, स्टुलावर बसले आणि सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"हिची मंगळवारची राह्यली ना," ते म्हणाले. "मी इकडं पपईच्या रसाच्या धांदलीत. आज देऊन टाकू, काय?"

"कसली मंगळवारची?"

"हाताची. दर बाजारी देतो मी."

मी चमचा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या पुडीत तीच पट्टी होती, तोच रंग, तेच नाव.

"बाबा, हाताची गोळी मी देते. दर रविवारी. आता तीच देतेय."

"तू काबरं देते?" त्यांचा आवाज चढला. "ते माझं काम हाये. पाच वर्षांत एक बाजार चुकलो नही मी."

"आई मागतात म्हणून देते! मला काय हौस आहे?"

"तिनं मागतली?"

आम्ही दोघंही त्यांच्याकडे वळलो. सासूबाईंनी आमच्या दोघांच्या हातांतल्या पट्ट्या पाहिल्या, मग आमची तोंडं. त्यांना खरंच कळत नव्हतं, आम्ही कशाला भांडतोय ते.

"बाजाराच्या दिवशी घ्याची, आसंच तं ठरलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तिथंबी बाजार, इथंबी बाजार."

मला हसावं की ओरडावं कळेना. चौथीच्या पोरांना मी शिकवते, आठवड्याचे वार सात, आणि माझ्या घरात होळीपासून दोन आठवडे एकात एक चालले होते, एक गावचा, एक शहराचा. कोणी मोजायला चुकलं नव्हतं. सासऱ्यांचा मंगळवार बरोबर होता, माझा रविवार बरोबर होता. मला इतका राग आला, आणि तो टाकायला जागा सापडेना. बापरे, दुप्पट झाली की, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि त्याच्या मागोमाग हेही, की होळीनंतरच हात चांगले झाले आणि होळीनंतरच हे सगळं सुरू झालं.

"मी डॉक्टरांना सांगून येते."

सासूबाईंनी माझा पदर पकडला. अंगात ताप, ताकद नाही, पण पकड अशी की मला सोडवेना.

"सांगू नको."

"आई, सांगावं लागेल."

"बंद करतीन त्या. मंग पुन्हा मुठी व्हतीन माह्या." त्यांच्या फुटलेल्या ओठातून रक्त आलं. "भूपेंद्रची शपत हाये तुले. कायले सांगते?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं ते तरी त्यांना दामटतील. त्यांनी मान खाली घातली होती. "हप्त्याची बारीक गोळी," ते हळूच म्हणाले. "एकाच्या दोन झाल्या तं एवढं व्हते का? किडनीचंच आसीन. आन् बंद केली, आन् तरी काही फरक नही पडला तं? ते दिवस मी पाह्यलेत, पोरी. तू नही पाह्यले."

खोटं कशाला बोलू, मीसुद्धा थांबले. मला काय ठाऊक होतं? मी काही डॉक्टर नाही. पाच वर्षं जी गोळी देवासारखी पावली, तिच्यावर कशाच्या जोरावर बोट ठेवायचं? सांगितलं आणि ती कारण नसली, तर मी त्यांचे हात उगाच घालवणार होते. नाही सांगितलं आणि ती कारण असली, तर बाई जाणार होती. चमच्यातलं पिवळं पाणी तसंच होतं. मी ते मोरीत ओतलं, एकेक करून त्यांची बोटं पदरापासून सोडवली, आणि दोन्ही पट्ट्या घेऊन बाहेर गेले. मागून त्या मास्तरीण म्हणाल्या की आणखी काही, ते मी ऐकून घेतलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि खुर्चीवरून उठल्याच.

"मैंने आपसे पूछा था ना?"

"आपने पूछा था कौन सी चल रही है," मी म्हणाले. "ये तो हफ्ते की है."

बहुधा अशी उत्तरं त्यांनी आधीही ऐकली असावीत. मग त्यांनी मला समजावलं, आणि मला अर्धंच समजलं, पण जे समजलं ते सांगते. संधिवातात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. ही गोळी त्याला आवरते. पण आवरताना ती हाडांच्या आतल्या मगजालाही आवरते, जिथं रक्त तयार होतं. निरोगी माणसाची किडनी ही गोळी वेळच्या वेळी लघवीवाटे बाहेर काढते. सासूबाईंची किडनी काढू शकत नव्हती. ती आत साठत गेली, आणि मगजाने रक्त करणंच थांबवलं. तोंडातले फोड त्याचेच, निळे डाग त्याचेच, ताप त्याचाच. पांढऱ्या पेशी संपल्या की साध्या जंतूंशीही लढायला कोणी उरत नाही.

"म्हणजे आठवड्यातून दोनदा झाली म्हणून?" मी विचारलं. मला ते हवं होतं. दोन बाजार झाले, चूक सापडली, संपलं.

"दो बार से जल्दी हो गया," त्या म्हणाल्या. "पर इस किडनी में एक बार भी भारी पड़ती. दिवाली के बाद ये गोली बंद हो जानी चाहिए थी."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. म्हणजे सासरे एकटेच देत राहिले असते तरी हे झालं असतं, थोडं उशिरा. मी एकटीच दिली असती तरीही झालं असतं. हाडांच्या डॉक्टरने गोळी दिली तेव्हा किडनी धड होती. किडनीच्या डॉक्टरने औषधं विचारली तेव्हा आम्ही रोजची सांगितली. हाडांच्या डॉक्टरकडे आम्ही दोन वर्षांत गेलोच नव्हतो, मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत होता आणि आम्ही त्याचे आभार मानत होतो. कोणावर ओरडायचं? मला कोणावर तरी ओरडायचंच होतं. भूपेंद्र जेवणाचा डबा घेऊन आला आणि मी त्याच्यावर ओरडले.

या गोळीचा उतारा असतो, एक इंजेक्शन. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये ते त्या दिवशी नव्हतं. शहरात आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं, मग भूपेंद्रच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने इंदूरहून बसच्या ड्रायव्हरकडे पार्सल दिलं, बर्फात बांधून. भूपेंद्र स्टँडवर दोन तास आधीच जाऊन उभा राहिला. रक्ताच्या पिशव्या लागल्या, प्लेटलेटच्या लागल्या. सासूबाईंना वेगळ्या खोलीत ठेवलं, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय आत जायला बंदी. मध्ये दोन दिवस असे गेले की डॉक्टरीणबाई आमच्या नजरेला नजर देत नव्हत्या. सासरे बाहेर जिन्यावर बसून असायचे. ते माझ्याशी बोलत नव्हते, मी त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि चहा मात्र एकाच किटलीतून प्यायचो.

एकदा ते म्हणाले, "मी नेम पाळला. नेमानंच मारलं आसतं तिले."

"तुम्ही नाही, बाबा."

"मंग कोनं?"

मी किटलीतला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

हळूहळू आकडे वर यायला लागले. भूपेंद्र रोज सकाळी रिपोर्ट घेऊन नातेवाइकांना फोन करायचा, केळीचा भाव सांगावा तसा. "आज बावीस खुला!" "आज चालीस!" ताप उतरला. फोड सुकले. ज्या दिवशी सासूबाईंनी वरणभात गिळला, त्या दिवशी सासऱ्यांनी जिन्यावरच डोळे पुसले आणि सगळ्यांना दाखवायला शिंकल्याचं नाटक केलं. अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, हॉस्पिटलातच गेली. त्या वर्षी आमच्याकडे मांड्यांचं खापर निघालं नाही.

घरी आलो. हाताची गोळी कायमची बंद झाली. हाडांच्या डॉक्टरला आम्ही पुन्हा जाऊन भेटलो. तो म्हणाला, "किडनी का मुझे किसी ने बताया ही नहीं." हेही खरंच होतं. आता किडनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्याने दुसरं औषध सुरू केलंय, किडनीला सोसेल असं. पण ते सावकाश चालतं, आणि त्या गोळीसारखं चालेलच याची कोणी हमी देत नाही.

मे संपेपर्यंत बोटं पुन्हा सुजली. आधी उजव्या हाताची, मग डाव्या. सकाळी त्या कप दोन्ही मनगटांत धरायच्या. आम्ही त्यांना कायमचं आमच्याकडेच आणलं. माझ्याशी त्या कामापुरतं बोलायच्या, हो आणि नही. मी घास भरवायला गेले की तोंड उघडायच्या आणि नजर भिंतीकडे ठेवायच्या. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं म्हणून चीडही यायची. जिवंत आहात ना, असं म्हणावंसं वाटायचं. म्हटलं नाही.

एका रविवारी मी त्यांना न्हाऊ घातलं आणि अंगणात वेणी घालायला बसवलं. केस त्या आजारात गळून विरळ झाले होते, कंगव्याला अजून लागत होते. माझ्याकडे पाठ करून त्या बसल्या होत्या, दोन्ही मुठी मांडीवर.

"प्रतिभा."

किती तरी दिवसांनी त्यांनी नावाने हाक मारली होती. "काय आई?"

"तू डॉक्टरणीले सांगतलं नसतं तं मी मेली आसती ना?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. त्याच म्हणाल्या."

मी गुंता सोडवत राहिले.

"मंग मले तुझा एवढा राग काबरं येते?"

कंगवा माझ्या हातात थांबला. मला रडूच आलं. त्यांना वाचवलं म्हणून आलं, की त्या मुठी दिसत होत्या म्हणून, ते मला कळलं नाही.

"मला पण येतो तुमचा," मी म्हणाले. "फार येतो."

"येते?"

"रोज."

त्यांनी मान थोडी वळवली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पुन्हा सरळ बसल्या.

"मंग ठीक हाये," त्या म्हणाल्या. "घट्ट घाल वेणी. सैल मले आवडत नही."